अमराची नऊ विषं

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा आजोबांनी त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून त्रिभुवनकीर्तीची डबी काढून समोर ठेवली. नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून दोन मिनिटांवरच्या आमच्या घरात ही गोळी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दुसऱ्याने लिहिलेलं काहीही वाचल्याशिवाय आत घ्यायचं नाही, ही नोकरीत लागलेली सवय. लेबल वाचलं : शुद्ध हिंगूळ, शुद्ध वत्सनाभ, त्रिकटू, टाकणखार, पिंपळमूळ. फोनवर वत्सनाभ शोधलं आणि ताप थोडा वाढलाच. वत्सनाभ म्हणजे बचनाग. हिमालयातला कंद. त्यातलं ॲकोनिटीन हृदयाचे ठोके बिघडवतं आणि माणूस दगावतो.

"आजोबा, यात विष आहे."

"आहेच. नववं."

नववं म्हणजे काय, हे विचारल्यावर त्यांनी डोळे मिटून यादी म्हटली : काकोल, कालकूट, हलाहल, सौराष्ट्रिक, शौक्लिकेय, ब्रह्मपुत्र, प्रदीपन, दारद, वत्सनाभ. लहानपणी पाठ केलेला अमरकोश. त्यांच्या पिढीत तो अर्थ न कळता पाठ व्हायचा आणि अर्थ नंतर आयुष्यभर सावकाश येत राहायचा. मी गोळी घेतली नाही, डॉक्टरकडे गेले. (बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शोधून घेतलेला असतो, हे आजोबांचं म्हणणं बरोबरच आहे, पण ते काम आणि त्याचं प्रमाण जाणकाराचं, पेटीतल्या जुन्या डबीचं नव्हे.) आजोबा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. मी मात्र त्या नऊ नावांत अडकले, कारण त्यातली दोन मला दुसरीकडून ओळखीची होती. हलाहल आणि कालकूट. समुद्रमंथनातलं, शंकराने गळ्यात धरलेलं. ते या यादीत गोळीतल्या कंदाच्या शेजारी काय करत होतं?

अमरकोश म्हणजे नामलिंगानुशासन, नावं आणि त्यांची लिंगं सांगणारा ग्रंथ. त्यात विष येतं ते पातालभोगिवर्गात, म्हणजे पाताळ आणि सापांच्या प्रकरणात. आधी सापांची नावं, मग त्यांची फणा, मग क्ष्वेड, गरल आणि विष हे तीन सामान्य शब्द आणि मग हे नऊ प्रकार. त्यांच्यामागून लगेच विषवैद्य आणि गारुडी. पुढचा वर्ग नरकाचा आणि त्याच्या पुढचा पाण्याचा. या क्रमाकडे मी आधी लक्ष दिलं नव्हतं, पाण्यावर नंतर यायचं आहे.

नऊ नावं नीट पाहिली तर ती पुराणातली वाटत नाहीत, गांधी बाजारातली वाटतात. सौराष्ट्रिक म्हणजे सौराष्ट्रातलं. दारद म्हणजे दरद देशातलं, काश्मीरच्या पलीकडच्या डोंगरांतलं. पुढे रसशास्त्रात दरद हे हिंगुळाचंच नाव झालं. ब्रह्मपुत्र हे नावही नदीची, त्या भागाची आठवण देतं. वत्सनाभ हे वासराच्या बेंबीसारख्या दिसणाऱ्या कंदाचं नाव. प्रदीपन म्हणजे जाळणारं, पेटवणारं. आपण कोल्हापुरी गूळ, लोणंदचा कांदा म्हणतो त्या पद्धतीची ही नावं आहेत : माल कुठून आला, दिसतो कसा, करतो काय. अमरसिंहाला पुराणकथा माहीत नव्हत्या असं कोण म्हणेल? पण इथे त्याने हलाहलाला एकही जादा शब्द दिलेला नाही. काकोल, कालकूट आणि हलाहल पुल्लिंगीही चालतात आणि नपुंसकलिंगीही, एवढीच काय ती विशेष माहिती.

तीन सामान्य शब्दांचं मराठीत काय झालं तेही सांगून टाकते. क्ष्वेड मेला. आयुर्वेदात कर्णक्ष्वेड नावाचा कानात आवाज येण्याचा रोग आहे, तेवढ्यापुरता तो उरला. सापाचा फूत्कार आणि सापाचं विष एकाच शब्दात होते की काय कोण जाणे. विष जिवंत आहे, शिवाय ष चा ख होऊन विखार आणि विखारी असे त्याचे दोन वंशज आहेत. गरलाची गंमत जास्त आहे. गर हा शब्द गिळण्याच्या धातूशी जोडतात. वैद्यकात गरविष म्हणजे अन्नातून नकळत खाऊ घातलेलं, बनवलेलं विष. म्हणजे संस्कृतात गरल आत जातं. मराठीत गरळ फक्त बाहेर येते. ती ओकतात, आणि तीही बहुतेक भाषणात. निवडणुकीच्या दिवसांत मथळ्यांमध्ये मोजून पाहा. आमच्याच पेठेतल्या गायकवाड वाड्यातून 'केसरी' निघायचा आणि त्याच्या पक्षाला 'जहाल' म्हणायचे. जहाल हे विशेषण मराठीत विषालाही लावतात. विष चारित्र्यातून भाषेत आणि भाषेतून राजकारणात जायला मराठीला फार वेळ लागलेला नाही.

कंदांकडे परत येते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात स्थावर विषाची दहा ठिकाणं सांगितली आहेत : मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, डिंक, धातू आणि कंद. चिकाला तिथे शब्द आहे क्षीर. कंदविषं तेरा, आणि त्या तेरांत कालकूट वेगळं, वत्सनाभ वेगळं आणि हालाहल वेगळं. तिन्ही जमिनीतून खणून काढायचे कंद. प्रत्येकाची लक्षणं वेगळी दिलेली आहेत. कीर्तनकाराला हलाहल आणि कालकूट एकाच घोटाची दोन नावं वाटतात. वैद्याला असं वाटून चाललं नसतं, त्याचा रोगी गेला असता.

मग कथा आधीची की कंद आधीचा? मला वाटत होतं कथाच. समुद्रातून हलाहल निघालं, म्हणून लोकांनी जहाल कंदाला ते नाव दिलं असणार. आपण मुलांची नावं अर्जुन ठेवतो तसं. हे तपासायचं तर महाभारतात पाहावं लागणार होतं, आणि महाभारतासाठी पुण्यात राहण्याचा फायदा असतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते १९६६ मध्ये संपलं. सुमारे साडेबाराशे हस्तलिखितं तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले आणि त्यांचं आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही पद्धत समजायला फार अवघड नाही. एका मूळ मजकुराच्या शेकडो प्रती, प्रत्येक प्रतीत कुणी तरी भर घातलेली. शारदा लिपीतली एक शाखा, देवनागरीची दुसरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा आणखी. एकमेकींपासून दूर वाढलेल्या शाखांमध्ये जे समान ते जुनं मानायचं. जे एखाद्याच शाखेत आहे, ते फेकायचं नाही, पण मुख्य मजकुरातून काढून खाली छापायचं. हे सगळं संगणकाशिवाय, कागदाच्या तक्त्यांवर, एकेक श्लोक करत. आमच्याकडे चार जणांच्या कोडमध्ये फरक जुळवताना आरडाओरडा होतो.

तर त्या आदिपर्वातलं अमृतमंथन मी उघडलं. मंदर पर्वत आहे, वासुकी आहे. पर्वतावरच्या झाडांचे डिंक आणि औषधींचे रस समुद्रात वाहून येतात, पाण्याचं दूध होतं, दुधाचं तूप होतं. मग सोम निघतो, श्री निघते, सुरा, पांढरा घोडा, कौस्तुभ. मग अमृताचं पात्र घेऊन धन्वंतरी. आणि दैत्यांचा कोलाहल सुरू होतो.

विष नाही. मी दोनदा वाचलं. शंकराचं प्राशनही नाही. प्रचलित पोथ्यांमध्ये कालकूट वर येतं, जग गुदमरतं आणि शंकर ते कंठात धरतो. ते श्लोक सुकथनकरांनी मुख्य मजकुराबाहेर ठेवले आहेत. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्याला झाली. बालकांडातल्या मंथनाचंही तेच. हलाहल बाहेर, धन्वंतरी आत.

त्या रात्री मला जरा अपराधी वाटलं, खरं सांगायचं तर. महाशिवरात्रीला आजोबा मला ओंकारेश्वराला न्यायचे. मुठेच्या काठाने चालत जाताना दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे, आणि पार्वतीने गळा दाबला तिथे थांबून माझाही गळा दोन बोटांनी हलकेच दाबायचे. आता तीच गोष्ट जुन्या थरात सापडत नव्हती. पण मी वाचत राहिले म्हणून बरं झालं, कारण त्याच आदिपर्वात शंभरेक अध्याय पुढे कालकूट सापडलं. मुख्य मजकुरात, अगदी ठळकपणे. ते समुद्रात नव्हतं, जेवणात होतं. दुर्योधनाने भीमाच्या अन्नात कालकूट विष कालवलं. भीमाने ते खाल्लं आणि पचवलं, त्याला काही झालं नाही.

मला या शोधाचा (माझ्यापुरता शोध; विद्वानांना हे केव्हाचंच ठाऊक आहे) फार आनंद झाला. म्हणजे शब्द होता. तो मंथनाच्या कथेतून आलेला नव्हता. कालकूट हे स्वयंपाकघरात चोरून नेता येईल, जेवणात मिसळता येईल असं, मिळणारं द्रव्य होतं. एका माणसाने दुसऱ्याला द्यायचं विष. समुद्राने जगाला दिलेलं विष ही त्याची पुढची बढती. माझा अर्जुनाचा अंदाज उलटा निघाला. कंदाला देवाच्या गोष्टीतलं नाव मिळालं नव्हतं, देवाच्या गोष्टीने कंदाचं नाव उचललं होतं.

मग शंकराच्या निळ्या गळ्याचं काय? तो कथेपेक्षा फार जुना आहे. यजुर्वेदातल्या शतरुद्रीयात, म्हणजे ओंकारेश्वरात रोज कानावर पडतं त्या रुद्रात, रुद्राला नीलग्रीव म्हटलं आहे आणि शितिकंठही. का, ते सांगितलेलं नाही. देव निळ्या मानेचा आहे, एवढंच. आणि महाभारतालाच या निळेपणाची इतर उत्तरं माहीत आहेत. शांतिपर्वात नारायणाने रुद्राचा गळा पकडला, त्याचा तो वळ आहे. अनुशासनपर्वात इंद्राच्या वज्राने गळा भाजला. म्हणजे डाग आधी होता आणि लोक त्याचं कारण शोधत होते. विष हे त्यातलं सर्वांत शेवटी जिंकलेलं कारण. जिंकलं ते योग्यच होतं, असं माझं मत आहे. वळ आणि भाजणं ही भांडणातली खूण. विषामुळे तो डाग शंकराने दुसऱ्यांसाठी सोसलेला झाला.

पुराणांतही सगळीकडे एकमत नाही. विष्णुपुराणात मंथनातून विष निघतं, पण ते नाग घेतात. शंकराच्या वाट्याला चंद्र येतो. हे वाचल्यावर अमरकोशात विष सापांच्या प्रकरणात का, हे वेगळं विचारावं लागत नाही. भागवताच्या आठव्या स्कंधात मात्र हालाहल सर्वांत आधी वर येतं आणि शंकर ते पितो. पिताना हातातून थोडं सांडतं, आणि ते विंचू, साप आणि विषारी वनस्पती घेतात. मला भागवतकाराचा हा बारकावा आवडतो. कंदाचं नाव समुद्राला दिल्यावर हिशेब अपुरा राहिला असता : मग कंदात विष आलं कुठून? तर ते ओंजळीतून सांडलं. उसनं घेतलेलं परत केलं.

इथवर मी आजोबांना काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पाण्यामुळे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात केशीचं सूक्त आहे. लांब केसांचा, वाऱ्यावर स्वार झालेला मुनी. त्याच्या शेवटच्या ऋचेत वायू त्याच्यासाठी काहीतरी घुसळतो, आणि केशी रुद्राबरोबर पात्रातून विष पितो. घुसळणं, रुद्र, विष, पिणं. मंथनकथेचे सगळे तुकडे एका ऋचेत आहेत, फक्त समुद्र नाही. मी खुशीत सायणभाष्य उघडलं. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह ऋग्वेदाचे खंड काढले आहेत. सायणाने विषाचा अर्थ दिला आहे : पाणी.

मला वाटलं हा अडचणीतून काढलेला अर्थ असणार. ऋषी विष कसं पिईल, म्हणून पाणी. पण निघंटूत, म्हणजे यास्काने ज्यावर निरुक्त लिहिलं त्या वैदिक शब्दांच्या यादीत, पाण्याची एकशे एक नावं आहेत आणि त्यांत विष आहे. त्याच्या अगदी आधीचा शब्द क्षीर. त्याच यादीत मधु, आणि पुढे अमृतही. समुद्रातून जे जे निघालं म्हणतात, त्यातलं निम्मं तिथे पाण्याचंच नाव आहे. अमरकोशाच्या नानार्थवर्गातही विषाचा अर्थ पाणी असा दिला आहे. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश पुण्यातच १८९० मध्ये झाला. त्यातही दोन्ही अर्थ आहेत. असंगती अलंकाराचं ठरलेलं उदाहरण यावरच बेतलेलं आहे : विष प्यायले ढग आणि मूर्च्छा आली प्रवासाला गेलेल्यांच्या बायकांना.

एक शब्द पाणी आणि विष दोन्ही कसा? व्याकरणकार विषाला व्यापण्याच्या धातूशी जोडतात. अंगभर पसरतं ते विष. युरोपीय भाषाशास्त्रज्ञ याच घराण्यातले आणखी दोन शब्द दाखवतात, ग्रीक इओस आणि लॅटिन विरुस. विरुस म्हणजे विष, आणि चिकट, घाण द्रवही. मुळाशी वाहण्याचा, पाझरण्याचा अर्थ असावा असं त्यांच्यातले काही मानतात. हे खरं असेल तर पाणी आणि विष वेगळे व्हायच्या आधीचा तो शब्द आहे. आणि विरुस म्हणजे व्हायरस. पुण्यात १९५२ पासून व्हायरसवर काम करणारी संस्था आहे, तिच्या मराठी नावात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असं आहे. ज्याने कुणी व्हायरसला विषाणू म्हटलं त्याला माहीत असो वा नसो, त्याने दोन दुरावलेल्या चुलत भावंडांची गाठ घालून दिली. २०२० मध्ये वर्षभर घरात बसून मी दिवसातून शंभर वेळा दोन्ही शब्द ऐकले, माझ्या लॅपटॉपवर अँटीव्हायरस चालू असताना, आणि मला त्यातलं काही दिसलं नाही.

हे सगळं मी शेवटी एका संध्याकाळी आजोबांना सांगितलं. भांडारकरची आवृत्ती सांगताना जरा चाचरलेच. शंकराची गोष्ट मुख्य मजकुरात नाही म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. भीमाचं सांगितलं तेव्हा हसले. विष म्हणजे पाणी सांगितलं तेव्हा म्हणाले, "ते आम्ही पाहिलं आहे."

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. पाणी नारायण पेठेत शिरलं तेव्हा त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं, आणि तिथून पुढे ते दुसऱ्यांच्या गच्चीवर गेले. खालच्या खोलीत कोनाड्यात त्यांच्या वडिलांचा अमरकोश होता. पाणी ओसरल्यावर सगळ्या खोलीत गुडघाभर काळा गाळ होता, आणि त्या वासाचं त्यांना अजून नाव सापडलेलं नाही. पुस्तक निघालं, पण पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. विहिरीचं पाणी पिऊ नका असं सांगत माणसं फिरत होती. "सगळीकडे पाणी, आणि प्यायचं नाही," ते म्हणाले. "वडील म्हणाले, पुस्तक गेलं तर गेलं, तुला पाठ आहे ना? म्हण. मी त्या गाळात उभा राहून म्हणत होतो आणि ते फावड्याने गाळ ओढत होते. कुठपर्यंत आलो होतो ते आठवत नाही."

मी विचारलं, पाताळवर्गापर्यंत तरी?

"तिथपर्यंत आलोच असणार. पहिलंच कांड आहे."

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की ते भीमाचं मला पुन्हा वाचून दाखवता येईल का, आणि मी फोनवर तो अध्याय शोधत असताना म्हणाले, "अगं, हलाहल झालं, कालकूट झालं. पण पहिलं काकोल. काकोल म्हणजे डोमकावळा, हेही अमरातच आहे. कावळ्याचं नाव विषाला का दिलं असेल, ते बघ आता."

बघते आहे.